रुग्णालयाच्या दारात आपण काय घेऊन जातो?



गेल्या चतुर्दशीला प्रतिक्रमण झालं आणि मी कटासन गुंडाळत होते, तेवढ्यात एकीनं मला बाजूला घेतलं. तिच्या भाचीच्या दोन महिन्यांच्या बाळाच्या हृदयाला छिद्र निघालंय, ऑपरेशन सांगितलंय. "काकी, तुमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय, म्हणून विचारते," ती म्हणाली. मला वाटलं, डॉक्टर कोणते ते विचारेल, खर्च किती आला ते विचारेल. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "लोकांना सांगायचं का हो? मुलगी आहे ना."

मी तिला तिथल्या तिथे एवढंच म्हटलं, की सांग, लपवू नकोस. पण घरी आल्यावर रात्री झोप लागेना. म्हणून आज सविस्तर लिहिते. काहीजणींना राग येईल. त्यांची मी आधीच क्षमा मागते, पण लिहिणार आहे.

माझी नात आता साडेचार वर्षांची आहे. जन्मली तेव्हा पावणेतीन किलोची, छान रडणारी. महिनाभर सगळं ठीक होतं. मग दूध पिताना तिच्या कपाळावर घाम यायला लागला. दोन घोट घ्यायची, दमायची, सोडून द्यायची. श्वास भराभर चालायचा. आणि मी, तीन मुलं वाढवलेली बाई, सूनबाईला म्हणाले, "अंगात उष्णता आहे तिच्या, आणि तुझं दूध पातळ आहे. वरचं पाज." ती बिचारी रडत रडत वाटी-चमचा घेऊन बसायची. अशी तीन आठवडे मी तिला तिच्या दुधावरून ऐकवत होते. अडीच महिन्यांच्या लसीला पालीतल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "मुंबईला दाखवा. आठवडा लावू नका." वजन तेव्हा जेमतेम साडेतीन किलो.

नंतर कळलं ते सांगते, कारण आपल्यापैकी प्रत्येक आजीला हे माहीत हवं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र होतं. जन्माच्या वेळी बाळाच्या फुप्फुसांतला दाब जास्त असतो, म्हणून छिद्रातून रक्त फारसं तिकडे जात नाही आणि बाळ धडधाकट दिसतं. पुढच्या काही आठवड्यांत तो दाब उतरतो, मग जास्तीचं रक्त फुप्फुसांत शिरायला लागतं. बाळाला दूध पिणं हे जिना चढण्यासारखं होतं. घाम त्याचा असतो. आईच्या दुधाचा त्यात काही संबंध नाही. हृदय तर गर्भ राहिल्यावर पहिल्या आठ आठवड्यांतच घडून होतं, पुष्कळदा घरात बातमी सांगितली जाते त्याच सुमारास. ग्रहण पाळलं नाही, प्रवास केला, अमुक खाल्लं, या कशाचाही इथे हिशोब लागत नाही. दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयाचा काही ना काही दोष घेऊन येतात. आपल्या समाजातही येतात. आपण बोलत नाही, एवढंच.

दूध पिताना घाम, भराभर श्वास, फासळ्यांखाली पडणारा खड्डा, न वाढणारं वजन, ओठ-नखं निळसर होणं: यातलं एकही दिसलं तर घुटी आणि दृष्ट नंतर, आधी डॉक्टर.

ऑपरेशन झालं तेव्हा ती चार महिन्यांची होती. मार्गशीर्ष संपत आला होता. पहाटे साडेतीनला पालीहून निघालो. वाकण फाटा, नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल. गाडीत कोणी बोलत नव्हतं. सूनबाई तिला दुपट्यात घेऊन नवकार म्हणत होती.

आदल्या दिवशी संमतीपत्राच्या वेळी माझ्या मोठ्या दिरांनी एक प्रश्न विचारला, जो आपल्यापैकी अनेकींच्या मनात येईल. छिद्र बुजवायला जी पट्टी लावतात ती कशाची? सर्जननी न चिडता सांगितलं. कधी बाळाच्याच हृदयाभोवतीच्या आवरणाचा तुकडा वापरतात, कधी कृत्रिम धाग्याची पट्टी, कधी गाईगुरांच्या हृदयाच्या आवरणापासून केलेली. शक्य असेल तर पहिल्या दोहोंपैकी वापरू, पण टेबलावर बाळाला जे सुरक्षित ते मी ठरवणार. आणि रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यावंच लागतं, ते डुकराच्या आतड्यापासून काढतात, हेही त्यांनी लपवलं नाही. खोलीत शांतता झाली. जन्मभर चामड्याची पर्स न वापरलेली मी, माझ्या पोटात कालवलं.

मुलानं सही केली. मी त्याच्या शेजारी उभी होते. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकानं पहिली पूर्ण सोडायची आणि बाकीच्या जमतील तितक्या कमी करायच्या. त्या खोलीत कोणाच्याही मनात मारण्याचा संकल्प नव्हता. सर्जनच्या हातातली सुरीही जिवाला वाचवण्यासाठीच होती. तरी माझ्या नातीच्या जिवासाठी दुसऱ्या जिवाचा काही भाग वापरला गेला, हे मी नाकारत नाही. तेव्हापासून दर महिन्याला मी पांजरापोळला थोडी रक्कम पाठवते. यानं खातं मिटलं असं मी समजत नाही. मी कॉमर्सची पदवीधर आहे, कुठली जमा कुठल्या खर्चाला लागत नाही हे मला कळतं. पण या कारणासाठी कोणी आई-बाप सही करताना थबकले, तर त्यांना मागे ओढणारा हात आपला नसावा.

आता रुग्णालयातल्या दिवसांबद्दल. एकूण तेरा दिवस, त्यातले सहा अतिदक्षता विभागात. पहिल्यांदा काचेतून तिला पाहिलं तेव्हा ओळखूच आली नाही. चेहरा सुजलेला, तोंडात श्वासाची नळी, छातीतून निघालेल्या दोन नळ्या, मधोमध पांढरी पट्टी. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "मम्मी, मी तिचा बाप आहे, पण मला तिला हात कुठे लावायचा तेच कळत नाही."

मला वाटतं, त्या दिवसांतलं सगळ्यात मोठं दुःख तेच असतं. बाळ तुमचं, पण पाजायचं नाही, उचलायचं नाही, झोपवायचं नाही. सगळं नर्स करतात आणि चांगलं करतात. आई-बाप मात्र पाहुण्यासारखे उभे. तिथल्या एका नर्सनं दोघांना पुन्हा आई-बाप केलं. तिनं सूनबाईला दाखवलं, की चोळू-थोपटू नका, आत्ता तिला ते सहन होत नाही. एक तळहात डोक्यावर, एक पावलांवर, आणि नुसता ठेवायचा, न हलवता. नाव घेऊन बोलायचं, गुंगीत असली तरी. मुलगा सारखा मॉनिटरवरचे आकडे बघायचा. त्याला म्हणाली, "आकडे आम्ही बघतो. तुम्ही तिच्याकडे बघा." मग नाकातल्या नळीनं दूध सुरू झालं, तेही मोजून, दर दोन तासांनी काही मिली. ते दूध आईचंच, पंपानं काढून बाटलीवर नाव-वेळ लिहून दिलेलं. आपलं दूध आत जातंय, एवढ्या एका गोष्टीवर माझी सून ते दिवस उभी राहिली.

आणि तिच्या दुधावर घाला कोणी घातला? आपणच.

भेटीची वेळ संध्याकाळी सहा ते साडेसहा होती. त्या दिवसांत सूर्यास्तही सहाच्याच सुमाराला. सूनबाईचा चौविहार लग्नाआधीपासूनचा. म्हणजे बाळाला भेटायचं किंवा जेवायचं, दोन्हींपैकी एक. ती अर्थात बाळाला भेटायची आणि उपाशी राहायची. त्यात आमच्या एका चुलत सासूबाईंनी फोनवर सांगितलं, की आईनं आयंबिल केलं की बाळ लवकर सुटतं. तूप नाही, दूध नाही, एकदाच जेवण. तिनं दोन दिवस तेही केलं. आधी एका वेळी साठ मिली दूध निघायचं, तिसऱ्या दिवशी पंधरावर आलं. नर्सनं बाटली उजेडाकडे धरून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेले नाही.

त्या रात्री दहा वाजता मी तिच्यासमोर मूगडाळीची गरम खिचडी आणि तूप ठेवलं. ती म्हणाली, "मम्मी, नको, माझं पच्चक्खाण आहे." मी म्हटलं, "खा. पाप लागलं तर मला लागू दे." आणि शेजारी बसून राहिले, शेवटचा घास जाईपर्यंत.

नंतर घरी पच्चक्खाणाचं पुस्तक नीट वाचलं. इतकी वर्षं आपण ती सूत्रं हात जोडून घेतो, पण त्यातल्या आगारांकडे आपलं लक्ष असतं का? महत्तरागार: अधिक मोठ्या निर्जरेचं काम समोर आलं, थोरांनी सांगितलं, तर सवलत. सर्वसमाधिप्रत्ययागार: आजारपणात चित्ताची समाधी टिकावी म्हणून सवलत. पच्चक्खाण देणाऱ्यांनीच हे दरवाजे ठेवलेत. आणि तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा अभ्यंतर तपं सांगितलीत, त्यांत वैयावृत्त्य आहे, म्हणजे सेवा, शुश्रूषा. पाजणाऱ्या आईचं खाणं हे त्या दिवसांत तिचं वैयावृत्त्यच होतं असं माझं मत आहे. तप करायचंच असेल तर घरी बसलेल्या आपण करूया. माझ्या जाऊबाईंनी तेरा दिवस एकासणं केलं आणि कोणाला सांगितलं नाही. मला ते फार मोठं वाटतं. पण रुग्णाच्या आईला तप सुचवणं ही सेवा नाही.

दुसरी गोष्ट कर्माची. प्रतीक्षागृहात आमच्या ओळखीची एक बाई सूनबाईचा हात हातात घेऊन म्हणाली, "काय करणार बेटा, पूर्वीचं असाता वेदनीय उदयाला आलंय." वाईट हेतू नव्हता. पण चार महिन्यांच्या लेकराची छाती उघडलेली असताना आईला ऐकू येतं ते एवढंच, की हिनं किंवा मी काहीतरी केलंय. मी कर्मसिद्धांत मानते, मनापासून मानते. तो मला माझ्याकडे बघायला शिकवतो. दुसऱ्याच्या आत्म्याचं खातं केवलीशिवाय कोणाला वाचता येत नाही, मग आपण त्यातल्या नोंदी मोठ्यानं कशाला वाचतो? समोर आजारी बाळ आहे, हा माझ्या निर्जरेचा प्रसंग आहे. मी तेव्हा कारण समजावत बसले तर तो प्रसंग मी घालवला.

तिसरी गोष्ट गर्दीची. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची चौदा माणसं भेटायला आली. प्रेमानं आली, सुकामेवा घेऊन आली. पण जंतुसंसर्गाच्या भीतीनं आत एकालाच सोडत होते. कोणी सर्दी झालेलं, कोणी मोठ्यानं बोलणारं, कोणी काचेतून फोटो काढणारं. शेवटी सुरक्षारक्षकानं दार लावून घेतलं आणि त्या दिवशी सूनबाईला अर्ध्या तासाऐवजी दहाच मिनिटं मिळाली.

यावर माझं रुग्णालयांशीही भांडण आहे. आईला दिवसात एकदा अर्धा तास हे फार कमी आहे. इंग्लंडमध्येही एके काळी मुलांच्या वॉर्डात आई-बापांना जेमतेम सोडत. जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थांनी 1952 साली दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस फिल्मवर टिपले आणि आई नसली की मूल आतून कसं मिटत जातं ते डॉक्टरांना दाखवलं. 1959 साली तिथल्या सरकारी प्लॅट समितीनं सांगितलं, की आई-बापांना हवं तेव्हा मुलाजवळ येऊ द्या. आपल्याकडे आई पाहुणी नाही, उपचाराचा भाग आहे, हे सगळ्याच रुग्णालयांनी मानायला हवं. पण हे मागायचं तर आपली गर्दी आधी आपण कमी करायला हवी. दाराशी चौदाजण उभे असताना "आईला सोडा" असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

त्याच प्रतीक्षागृहात आपल्या सुधागड तालुक्यातल्या एका वाडीवरची मुलगी होती. वीस-एकवीस वर्षांची असेल. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकानं तिच्या बाळाचा दोष ओळखला होता आणि ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं होतं. तिच्यासोबत फक्त नवरा. तिनंच माझ्या सुनेला सांगितलं, "ताई, आत जायच्या आधी हात चोळून गरम करा. थंड हात लागला की बाळ दचकतं." मी रोज दोन डबे न्यायला लागले. आमची पोळी-भाजी तिला बेचवच लागत असणार, कांदा-लसूण नाही म्हणून, पण बोलली नाही.

तिच्यामुळे मला माहिती झाली ती इथे देते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि हृदयाच्या ऑपरेशनपर्यंतची सोय लावतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदयशस्त्रक्रिया आहेत. आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. दुकानावर काम करणाऱ्या माणसाच्या घरी, मोलकरणीच्या घरी असं बाळ निघालं, तर "देवाची मर्जी" म्हणण्याआधी हे पत्ते सांगा. एका फोनचं काम आहे.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. मुलगी आहे, सांगायचं का?

आमच्याकडेही हे झालं. घरी आणल्यावर आठवड्यात एक नातेवाईक म्हणाल्या, "व्रण कॉलरच्या खाली आहे, झाकला जाईल. बाहेर जास्त बोलू नका, उद्या स्थळ बघताना अडचण." बाळाच्या अंगावर अजून टाके ओले होते! छातीचं हाड जुळायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून तिला काखेत हात घालून उचलायचं नव्हतं, एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली घालून उचलायचं. आम्ही सगळे ते शिकत होतो, आणि या बाईंना वीस-पंचवीस वर्षांनंतरचं स्थळ दिसत होतं.

मैत्रिणींनो, लपवण्याची किंमत कोण भरतं ते बघा. लपवलं की रक्त द्यायला कोणाला बोलावता येत नाही. आम्ही सांगितलं, म्हणून दोन भाचे रात्रीत रक्त द्यायला पोहोचले. (आपल्या चार मुलीही आल्या होत्या, त्यातल्या तिघींना परत पाठवलं, कारण हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण विचार करा.) लपवलं की दाताच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं, शाळेत सांगायचं राहून जातं. लपवलं की पुढची आजी माझ्यासारखीच घाम बघून "उष्णता" म्हणते, कारण तिनं अशी गोष्ट कधी ऐकलेलीच नसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मुलगी मोठी होताना शिकते की आपल्या अंगावर काहीतरी लाजेचं आहे. ज्या घराला तिचा व्रण नको, त्या घरी आपली मुलगी का द्यायची?

मुलगा असता तर हा प्रश्न कोणी विचारला असता का, एवढं स्वतःला विचारून बघा. मुलाच्या वेळी आपण विचारतो, "ऑपरेशन कधी?"

म्हणून त्या बाईला मी काल पुन्हा फोन केला आणि नीट सांगितलं. सगळ्यांना सांग. भाचीच्या घरी गर्दी करू नकोस. दोन वेळचा डबा पोहोचव, आणि संध्याकाळी भेटीच्या वेळेमुळे तिला उशीर झाला तर जेवायला तूच बसव. रुग्णालयाजवळ कोणाची खोली असेल तर आंघोळीला आणि दोन तास झोपायला मिळव. मोठं मूल घरी असेल तर त्याला आपल्याकडे आण. बाळाच्या बापालाही विचार, तो जेवला का, त्याला कोणी विचारत नाही. रक्त देणाऱ्यांची यादी कर. आणि तिच्याजवळ बसशील तेव्हा कमी बोल.

ती म्हणाली, "आणि कोणी कर्माचं बोललं तर?" मी म्हटलं, "त्यांना डबा आणायला सांग."

आमची नात परवा पालीच्या बाजारातून माझ्या पुढे पळत होती, मला धाप लागली, तिला नाही. रात्री आंघोळीला बसवली की छातीवरच्या रेघेवरून स्वतःच बोट फिरवते आणि विचारते, "आजी, इथूनच उघडलं होतं ना मला?" मी म्हणते, हो, इथूनच. मग तिच्या आईनं किती दूध काढून पाठवलं होतं, आणि एका ताईनं हात गरम करायला कसं शिकवलं, ते तिला पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं असतं.

तिच्या आईची मी क्षमा मागितली आहे, त्या तीन आठवड्यांबद्दल. संवत्सरीच्या दिवशी सगळ्यांसोबत नाही, तर वेगळी, स्वयंपाकघरात, दोघीच असताना. तुमच्यापैकी कोणी असं काही कोणाला बोलली असेल, तर पर्युषणाची वाट बघू नका.

जय जिनेंद्र.